आत येऊ का?

वर्गात शिकवणे सुरू असताना उशिरा आलेले मूल दारात थांबते, हात पुढे करते आणि विचारते, "आत येऊ का?" आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत अगदी वांड पोरानेही हा रिवाज मोडलेला आम्हाला आठवत नाही. घरातही आपण मुलांना हेच शिकवतो. कुणाच्या दारी गेलात तर आधी सलाम करा, इजाजत मागा, आतून उत्तर आले नाही तर मुकाट परत या. ही साधी तमीज एका पाहुण्याला मात्र कुणी शिकवलेली नाही. तो पाहुणा म्हणजे आपल्या फोनमधले आणि संगणकातले सॉफ्टवेअर. उघडले रे उघडले की आधी त्याचे नाव, मग वाजंत्री, मग जाहिरात. आणि ज्या कामासाठी आपण त्याला हाक मारली ते सगळ्यांत शेवटी.

वाचकहो, ही तक्रार आजवर आम्ही हसण्यावारी नेत होतो. गेल्या महिन्यापासून हसू येत नाही.

शेजारी मयत झाली होती. दफन आटोपून मंडळी घरी परतली आणि बैठकीत यासीन पढायला बसली. आमचे अब्बा चौऱ्याहत्तर वर्षांचे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर त्यांना लागत नाही, म्हणून कुरआन ते फोनवर पढतात. तिथे अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. त्यांनी ॲप उघडले आणि भरल्या शोकाच्या घरात कुठल्याशा खेळाच्या जाहिरातीचे ढोलताशे वाजू लागले. बंद करायची फुली कोपऱ्यात, तीही तिळाएवढी. अब्बांचे बोट पडले जाहिरातीवरच. तिने खेळ विकत घेण्याचे नवे पान उघडले. शेवटी शेजारच्या मुलाने फोन हातातून घेऊन बंद केला. कुणी काही बोलले नाही. अब्बाही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी फोन फडताळात ठेवला आणि पढणे सोडले. विचारले तर म्हणाले, "डोळे दुखतात."

आम्हाला आश्चर्य याचे वाटले की फोन तर सायलेंटवर होता. मग वाजला कसा? याचे उत्तर घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाचा नळ एक नसतो, तीनचार असतात. घंटीचा वेगळा, गजराचा वेगळा आणि गाणी, व्हिडिओ, जाहिराती यांचा म्हणजे 'मीडिया'चा वेगळा. आपण सायलेंट करतो तेव्हा साधारणपणे घंटी गप्प होते. मीडियाचा नळ उघडाच राहतो. मस्जिदीत, दवाखान्यात, वर्गात फोन सायलेंट असूनही जो फजितवाडा होतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. माणूस बेफिकीर नसतो. त्याने आपल्या परीने खबरदारी घेतलेली असते.

आता हा गाजावाजा आला कुठून तेही पाहू. सुरुवातीला त्यात खोट नव्हती. जुन्या संगणकांना एखादा प्रोग्राम उघडायला बराच वेळ लागे. तेवढा वेळ पडदा कोरा राहिला तर माणूस समजे, यंत्र बंद पडले. म्हणून 'थांबा, काम चालू आहे' असे सांगणारे चित्र दाखवायची पद्धत पडली. आवाजाचेही तसेच. यंत्र नीट सुरू झाले, याची ती खूण होती. विंडोज ९५ साठी ब्रायन ईनो या नामांकित ब्रिटिश संगीतकाराकडून काही सेकंदांचा सूर करून घेतला गेला. एवढ्याशा सुरासाठी आपण ८४ तुकडे रचले होते, असे त्यांनी नंतर सांगितले. ज्यांच्या घरात त्या काळी पहिला संगणक आला, त्यांना तो सूर आजही ओळखू येईल. शिवाय ज्यांना दिसत नाही, त्यांना यंत्र सुरू झाल्याचे कळायला आवाजाचाच आधार असतो. त्यामुळे सगळे आवाज बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही.

पण यंत्रे वेगवान झाली, तसे हे हवे की नको याबद्दल कंपन्यांचेही मन डळमळू लागले. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये सुरुवातीचा सूर मुळातच बंद ठेवलेला होता. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तो परत आला. ॲपलने २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून आपला सूर काढला आणि २०२० मध्ये निवडीची सोय देऊन पुन्हा आणला. निवडीची सोय हाच खरा मुद्दा आहे. पूर्वीचे चित्र आपल्याला थांबावे लागते म्हणून दिसत असे. आज कितीतरी ठिकाणी जाहिरात दाखवायची असते म्हणून आपल्याला थांबवले जाते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कुणी म्हणेल, ॲप फुकट आहे, बनवणाऱ्याने खायचे काय? रास्त प्रश्न आहे. मेहनतीचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण दुकानदार मोबदल्यासाठी गिऱ्हाइकाच्या कानाशी ताशा वाजवत नाही, आणि बाहेर जायचा दरवाजा तिळाएवढा ठेवत नाही. आपल्या कायद्यानेही याची दखल घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत ग्राहकाला फसवण्याचे १३ प्रकार दिले आहेत. खरेदीसाठी पुन्हा पुन्हा टोचत राहणे हा त्यातलाच एक, आणि पडद्याची मांडणी अशी करणे की माणूस भलतीकडेच वळावा, हा दुसरा. अशा प्रकारची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते.

तक्रार होईल तेव्हा होईल, घरात आज काय करता येईल? आम्ही केले ते सांगतो.

पहिले, फोनच्या बाजूचे आवाजाचे बटण दाबावे. पडद्यावर जी पट्टी दिसते तिच्याजवळच्या ठिपक्यांवर बोट ठेवले की बहुतेक फोनांत सगळे नळ वेगवेगळे दिसतात. मस्जिदीत किंवा मयतीच्या घरी जाण्याआधी मीडियाची पट्टी शून्यावर आणावी. दुसरे, जाहिराती बहुधा इंटरनेटवरून येतात. कुरआनचा मजकूर फोनमध्ये उतरवून घेतलेला असेल तर डेटा बंद करूनच ॲप उघडावे. तिसरे, बिनजाहिरातीचे ॲप शोधावे, आणि त्यासाठी थोडे पैसे पडले तर द्यावेत. मुलांच्या खाऊवर आपण त्याहून जास्त खर्च करतो.

संगणकाचा उपाय आम्हाला नववीतल्या एका मुलीने दाखवला. शाळेच्या संगणक कक्षात सकाळी एकामागून एक यंत्रे गात उठत आणि तासाची पहिली पाच मिनिटे हसण्यात जात. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, तिथे थीम्स, तिथे साउंड्स उघडले की 'प्ले विंडोज स्टार्टअप साउंड' अशी खूण दिसते, ती काढायची. आणि न बोलावता आपणहून उघडणारे प्रोग्राम? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'स्टार्टअप' यादीत हे सगळे आगंतुक ओळीने बसलेले असतात. नको असेल त्याला 'डिसेबल' करायचे. प्रोग्राम पुसला जात नाही; हाक मारल्याशिवाय येत नाही, एवढेच. पण ज्याचे नाव ओळखीचे नाही त्याला हात लावू नये, जाणत्याला विचारावे.

मोहल्ल्यातल्या मुलांना आमची एक विनंती आहे. आजी-आजोबांच्या फोनला हे एवढे करून द्या. तुमची दहा मिनिटे जातील. त्यांची चारचौघांतली शरम वाचेल.

अब्बांचा फोन आम्ही फडताळातून काढला. जुने ॲप पुसले, बिनजाहिरातीचे घातले, अक्षर मोठे केले, मीडियाची पट्टी शून्यावर आणली. आता ते फजरनंतर पुन्हा पढू लागले आहेत. पण बाहेर कुठे निघाले की उंबऱ्यावर थांबून फोन आमच्यापुढे धरतात आणि विचारतात, "वाजणार नाही ना?"