चक्रीवादळ कुठे धडकणार? मोबाइलवरची रेघ आणि वसई-विरारचा खरा धोका

२ जून २०२०. लॉकडाऊनमुळे घरात बसलेल्या वसई-विरारकरांच्या मोबाइलवर एकच चित्र फिरत होतं. अरबी समुद्रात गरगरणारा भोवरा आणि त्यातून कोकण किनाऱ्याकडे निघालेली एक रेघ. वादळाचं नाव होतं 'निसर्ग'.

भारतीय हवामान विभागाच्या सुरुवातीच्या अंदाजानुसार हे वादळ रायगडमधलं हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात कुठेतरी किनारा ओलांडणार होतं. नकाशा उघडून बघा, या पट्ट्याच्या जवळपास मध्यावर वसई-विरार येतं.

प्रत्यक्षात ३ जूनच्या दुपारी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. वसई-विरार मात्र मोठ्या फटक्यातून वाचलं.

वर्षभरात दुसरं वादळ आलं. मे २०२१ मधल्या 'तौक्ते'ची रेघ वसईकडे कधीच नव्हती, ती थेट गुजरातकडे जात होती. हे वादळ धडकलंही तिथेच, दीव आणि ऊनाजवळ. वसईपासून ही जागा दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे. तरीही वसई-विरारमध्ये झाडं पडली, विजेच्या तारा तुटल्या आणि अनेक भागांनी बराच काळ विजेविना काढला.

म्हणजे ज्या वादळाच्या वाटेवर वसई असल्याचं वाटत होतं, त्यातून ती वाचली. ज्याच्या वाटेवर ती नव्हतीच, त्याने मात्र झोडपलं. मग त्या रेघेचा अर्थ नेमका काय? आणि वादळ जवळ येत असताना रात्र-रात्र जागून ही रेघ बघणाऱ्या, तिचे स्क्रीनशॉट टाकणाऱ्या हौशी अभ्यासकांवर किती विसंबायचं?

हौशी अभ्यासक नेमकं काय बघतात?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी वादळाची बातमी टीव्हीवर किंवा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मिळायची. मच्छीमारांसाठी बंदरावरचा बावटा हीच सूचना होती. आता साध्या मोबाइलवरही बरंच काही दिसतं.

यात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे उपग्रहाची छायाचित्रं. भारताच्या इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांची चित्रं कुणालाही मोफत बघता येतात. दुसरी म्हणजे डॉप्लर रडार. मुंबईत कुलाब्याला एक रडार आहे आणि २०२२ मध्ये वेरावलीला दुसरं सुरू झालं. पाऊस कुठे पडतोय आणि ढगांचे पट्टे किनाऱ्याकडे कसे सरकतायत, हे रडारवर कळतं.

तिसरी आणि सगळ्यात जास्त शेअर होणारी गोष्ट म्हणजे हवामानाची मॉडेल्स. 'विंडी'सारख्या अॅपवर वाऱ्याच्या रंगीत रेषा धावताना दिसतात, ते मॉडेलचंच चित्र असतं. यात युरोपीय केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस ही दोन मॉडेल्स सर्वाधिक वापरली जातात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. उपग्रह आणि रडारवर जे घडतंय ते दिसतं. मॉडेलमध्ये जे घडू शकतं त्याचं गणित दिसतं. हे गणित दिवसातून अनेकदा नव्याने मांडलं जातं आणि दर वेळी उत्तर थोडं बदलतं. सकाळच्या गणितात वादळ डहाणूला जातं, तर संध्याकाळच्या गणितात अलिबागला. सकाळचा स्क्रीनशॉट मात्र रात्रीपर्यंत फॉरवर्ड होत राहतो.

रेघ आणि पट्टा यात फरक काय?

हवामान विभागाच्या नकाशातही मधोमध एक रेघ असते. पण तिच्या दोन्ही बाजूंना पुढे पुढे रुंद होत जाणारा एक शंकू काढलेला असतो. वादळाचं केंद्र या शंकूत कुठेही असू शकतं, असा त्याचा अर्थ.

हा शंकू किती महत्त्वाचा आहे, ते एका आकड्यावरून कळतं. अलीकडच्या वर्षांत हवामान विभागाच्या २४ तास आधीच्या अंदाजात वादळाच्या जागेची सरासरी चूक साधारण ७० ते ८० किलोमीटर राहिली आहे. दोन-तीन दिवस आधीच्या अंदाजात ती आणखी वाढते. जगभरातल्या यंत्रणांचा विचार केला तर ही कामगिरी चांगली मानली जाते.

आता नकाशावर अलिबाग ते वसई हे सरळ रेषेतलं अंतर मोजा. ते साधारण ८० किलोमीटर भरतं.

म्हणजे वादळ चोवीस तासांवर आलेलं असतानाही ते अलिबागला धडकेल की वसईला, हे छातीठोकपणे सांगणं विज्ञानालाही अवघड आहे. 'वादळ वसईवर' किंवा 'वसई वाचली' असं दोन दिवस आधी सांगणारी पोस्ट खरी ठरलीच, तर त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो.

'निसर्ग'च्या वेळी 'अंदाज चुकला' अशी टीका झाली होती. पण हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात अलिबाग होतंच. वादळ जवळ आल्यावर विभागाने पट्टा अरुंद केला आणि अलिबागचं नावही घेतलं. लोकांनी मात्र पट्ट्याचा अर्थ एकाच ठिपक्यासारखा घेतला होता.

ही चूक फक्त आपल्याकडे होते असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत 'इयन' वादळाच्या वेळी सगळ्यांचं लक्ष फ्लोरिडातल्या टँपा शहराकडे होतं. वादळ धडकलं शंभर किलोमीटरहून अधिक दक्षिणेला, फोर्ट मायर्सजवळ. हा भाग शंकूच्या कडेला होता. तिथल्या ली काउंटीने घरं रिकामी करण्याचा आदेश वादळाच्या आदल्या दिवशी दिला आणि तो उशिरा दिल्याबद्दल पुढे बराच वाद झाला.

दूरच्या 'तौक्ते'ने जास्त का झोडपलं?

याचं उत्तर वादळाच्या फिरण्यात आहे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातले वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वादळ कुठे आहे याइतकंच, आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत हेही महत्त्वाचं असतं.

'निसर्ग' नैऋत्येकडून येऊन अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं. वसई-विरार त्याच्या उत्तरेला, म्हणजे डाव्या बाजूला राहिलं. या बाजूला वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, त्यामुळे समुद्राचं पाणी आत ढकललं जात नाही. जमिनीवर आल्यावर वादळाचा जोरही लवकर ओसरला.

'तौक्ते' किनाऱ्याला समांतर, समुद्रातूनच उत्तरेकडे गेलं. मुंबईच्या साधारण दीडशे किलोमीटर पश्चिमेकडून ते सरकत असताना आपला अख्खा किनारा त्याच्या उजव्या बाजूला होता. या बाजूला वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग वाऱ्यात मिसळतो आणि जोर वाढतो. शिवाय ते जमिनीवर न आल्यामुळे त्याची ताकद टिकून होती. १७ मे २०२१ रोजी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी १०८ किलोमीटरपर्यंत गेला. सांताक्रुझला २४ तासांत सुमारे २३० मिलिमीटर पाऊस पडला, तोही मे महिन्यात.

सगळ्यात मोठी किंमत मोजावी लागली ती समुद्रात. बॉम्बे हाय परिसरात पी-३०५ हे बार्ज बुडालं. हे बार्ज आणि 'वरप्रदा' ही टगबोट मिळून ८६ जणांचा जीव गेला. १३७ जण असलेलं 'गॅल कन्स्ट्रक्टर' हे दुसरं बार्ज भरकटत पालघरच्या किनाऱ्याजवळ येऊन रुतलं. त्यातल्या सगळ्यांना वाचवण्यात यश आलं. हवामान विभागाचे इशारे काही दिवस आधीपासून होते. वादळ आपल्या किनाऱ्यावर 'धडकणार' नव्हतं, पण त्याच्या वाटेत माणसं होती.

अॅपवर वेग वेगळा का दिसतो?

वादळाच्या काळात ग्रुपवर हमखास होणारा वाद म्हणजे 'सरकार वेग कमी सांगतंय'. बहुतेक वेळा यामागे लपवाछपवी नसते, मोजण्याची पद्धत वेगळी असते.

भारतीय हवामान विभाग वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी धरतो. अमेरिकी लष्कराचं जेटीडब्ल्यूसी हे केंद्र एका मिनिटाची सरासरी धरतं. वेळ जितका कमी, तितका आकडा मोठा येतो. अनेक आंतरराष्ट्रीय संकेतस्थळं जेटीडब्ल्यूसीचे आकडे दाखवतात, त्यामुळे तेच वादळ तिथे जास्त भयंकर भासतं.

मग हौशी लोकांचं ऐकायचं की नाही?

ऐकायचं, पण कशासाठी ते ठरवून.

मुंबई परिसराच्या बातम्यांत पावसाचे आकडे येतात ते प्रामुख्याने कुलाबा आणि सांताक्रुझचे. उत्तरेला पुढची जुनी वेधशाळा डहाणूला. मधल्या वसई-विरारमध्ये २०११ च्या जनगणनेनुसारच १२ लाखांहून जास्त लोक राहतात. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून नोंदी करणारे हौशी लोक ही उणीव थोडीफार भरून काढतात. अर्नाळ्याला वाऱ्याने दिशा बदलली, नालासोपाऱ्यात पाणी चढतंय, ही माहिती त्यांच्याकडून पटकन मिळते. विभागाच्या इंग्रजी बुलेटिनचा साध्या मराठीत अर्थ सांगणारेही तेच असतात.

'तामिळनाडू वेदरमन' या नावाने ओळखले जाणारे प्रदीप जॉन किंवा 'व्हेगरीज ऑफ द वेदर' हा ब्लॉग चालवणारे मुंबईचे राजेश कपाडिया यांच्यासारख्यांना लोक अनेक वर्षांपासून याच कारणासाठी फॉलो करतात.

अडचण होते ती मॉडेलचं एखादं टोकाचं चित्र 'अंदाज' म्हणून फिरू लागतं तेव्हा. आठ-दहा दिवसांनंतरचं वादळ दाखवणारा नकाशा सर्वाधिक व्हायरल होतो आणि नेमका तोच सर्वांत बेभरवशाचा असतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार घबराट पसरवणारा खोटा इशारा देणं किंवा फिरवणं हा गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

खोटं वादळ किती वर्षं टिकू शकतं, याचं मुंबईतच उदाहरण आहे. जून १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख लोक मेले, असं अनेक याद्यांमध्ये छापलेलं आढळतं. कोलंबिया विद्यापीठाचे अॅडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासल्यावर असं वादळ झाल्याचा पुरावाच मिळाला नाही.

याउलट मे १६१८ मधलं वसईचं वादळ फारसं कुणाला आठवत नाही. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरनुसार तेव्हा समुद्र शहरात घुसला, चर्चची छपरं उडाली आणि सुमारे दोन हजार माणसं दगावली. आगाशीत वाऱ्याने एक होडी उचलून घरावर आदळल्याचीही नोंद आहे. म्हणजे वसईला थेट फटका बसूच शकत नाही, असंही नाही.

पुढच्या वेळी काय बघायचं?

अरबी समुद्रात वादळांचे दोन काळ असतात. पावसाळ्याआधी मे-जून आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. यात वादळाचं चित्र मोबाइलवर आलं, तर काही गोष्टी तपासता येतात.

स्क्रीनशॉटवर तारीख आणि वेळ आहे का, ते आधी बघा. नसेल तर तो पुढे पाठवू नका.

आपण शंकूच्या आत आहोत का, हे बघा. आत असाल तर रेघ किती जवळ आहे याने फरक पडत नाही. बाहेर असलात तरी जिल्ह्यासाठी वारा-पावसाचा वेगळा इशारा आहे का, ते तपासा. शंकू फक्त केंद्राची जागा सांगतो, वादळाचा पसारा नाही.

भरतीची वेळ बघा. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की सखल वसई-विरारमधलं पाणी खाडीत उतरत नाही. त्या वेळी वादळाचा डोळा दीव्याला आहे की दमणला, याला फारसा अर्थ उरत नाही.

शेवटचा शब्द हवामान विभागाच्या मुंबई केंद्राचा आणि जिल्हा प्रशासनाचा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

कधीकधी सगळी तयारी करूनही वादळ येत नाही. जून २०१९ मध्ये 'वायू' वादळ गुजरातच्या उंबरठ्यावरून समुद्रात वळलं. तोपर्यंत तिथल्या लाखो लोकांना सुरक्षित जागी हलवलं होतं. हे लोक परत घरी गेले, एवढंच झालं. 'तौक्ते'च्या वेळी समुद्रात राहिलेल्या ८६ जणांना ती संधी मिळाली नाही.