दार कोणासाठी उघडे?

शाळेने एखाद्या विशिष्ट वंशाच्या मुलांसाठी वेगळा समारंभ भरवावा काय? हा प्रश्न अमेरिकेतला आहे. पण त्यावर तुम्हीही विचार करावा, असे मला वाटते.

गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगवेगळ्या सरकारी शाळा ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. पुढे हळूहळू वर्ग एक झाले, बाके एक झाली. तरीही दक्षिणेकडील काही गावांत एक भिंत उभीच राहिली. शालेय शिक्षण संपत आले, की तिकडे मेजवानी आणि नृत्याचा समारंभ होतो. त्याला 'प्रॉम' म्हणतात. मिसिसिपी राज्यातील चार्ल्सटन गावी गोऱ्यांचा प्रॉम वेगळा आणि कृष्णवर्णीयांचा वेगळा होत असे. सर्वांचा एकच प्रॉम होणार असेल, तर खर्च मी देतो, असे प्रसिद्ध अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी १९९७ साली सांगितले. ते मान्य व्हायला २००८ साल उजाडले!

जॉर्जिया राज्यातील विलकॉक्स परगण्यात तर मुलांनीच पुढाकार घेतला. २०१३ साली त्यांनी स्वतः पैसे जमवून सर्वांचा एकत्र प्रॉम भरवला. दुसऱ्या वर्षी शाळेने तो आपल्या हाती घेतला. तोवर हे समारंभ खाजगी असत, म्हणून शाळा गप्प होती. पण आपल्या विद्यार्थ्यांना कोणी दाराबाहेर ठेवत असेल, तर गप्प राहणे हीसुद्धा एक प्रकारची संमतीच नव्हे काय?

आता दुसरी बाजू पाहा. २०१७ साली हार्वर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपला वेगळा पदवी सोहळा केला. मात्र सर्वांचा मुख्य सोहळाही होताच. जिथे आपल्यासारखे थोडेच असतात, तिथे आपल्या माणसांत बसून सुखदुःख बोलावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात कोणाचा द्वेष नाही. म्हणून वेगळा म्हटला, की प्रत्येक कार्यक्रम वाईट, असे मी म्हणणार नाही.

माझ्या मते कसोटी दोन प्रश्नांची आहे. सर्वांचा एक समारंभ होतो की नाही? आणि वेगळ्या समारंभाचे दार इतरांना उघडे आहे की नाही? दोन्ही उत्तरे 'होय' असतील, तर शाळेने खुशाल परवानगी द्यावी. एक जरी उत्तर 'नाही' असेल, तर देऊ नये. कार्यक्रम एका समाजाविषयी असावा, पण केवळ एका समाजापुरता नसावा.

हीच कसोटी आपल्यालाही लावून पाहा. आपल्याकडे वंशाचा नाही, पण भाषेचा आणि धर्माचा प्रश्न आहे. उर्दू शाळेतील मुले आणि शेजारच्या मराठी शाळेतील मुले एकाच रस्त्याने जातात. पण एकमेकांची नावे किती जणांना ठाऊक असतात? ईद मिलनाचा कार्यक्रम आपण आनंदाने करावा; पण शीरखुर्म्याची एक वाटी त्या मुलांसाठीही भरून ठेवावी. त्यांनी स्नेहसंमेलनाला बोलावले, तर आपणही अवश्य जावे. आमंत्रणाची वाट पाहत बसण्यापेक्षा, ते आधी आपणच का देऊ नये?