अंडं सापडलं तर हात आवरा



उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. "कुंडीत बुलबुलाचं अंडं आहे, आई दिसत नाही, काय करू?" मग कोणी सांगतं, कापसात ठेवून वर बल्ब लाव. कोणी सांगतं, माणसाचा हात लागला की पक्षीण परत येत नाही. दोन्ही सल्ले दयेपोटीच दिलेले, पण दोन्ही चुकीचे. माझं मत सरळ आहे : अंडं जिथे आहे तिथेच राहू द्यावं.

अंड्यात जीव आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तत्त्वार्थसूत्रात गर्भजन्म सांगताना जरायुज आणि पोत यांच्याबरोबर अंडजही आले आहेत. म्हणून तर आपला हात चटकन पुढे जातो. पण बुलबुल रोज एक अशी दोन-तीन अंडी घालते आणि बहुधा ती पूर्ण होत आल्यावरच नीट उबवायला बसते. तोवर घरटं रिकामं दिसलं म्हणजे अंडं पोरकं झालं असं नाही.

समजा, घरी उबवलं आणि पिल्लू निघालं, तर पुढे काय? त्याला दिवसभर थोड्या थोड्या वेळाने मऊ किडे-अळ्या भरवाव्या लागतात. त्या आपण पकडून आणणार का? एकाच्या दयेपायी कितीतरी जीवांची हिंसा, तीही आपल्या हातून! शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस 'शिकारी'त मोडते.

ज्ञाताधर्मकथेतली मोराच्या अंड्यांची कथा आठवा. चंपानगरीतल्या दोन सार्थवाहपुत्रांना लांडोरीची दोन अंडी मिळाली. एकाला शंका, पिल्लू निघेल की नाही? तो अंडं पुन्हा पुन्हा हलवून कानाशी धरायचा. ते निर्जीव झालं. दुसऱ्याने विश्वास ठेवून हात लावला नाही, त्याच्या अंड्यातून मोर निघाला. ही कथा श्रद्धेची म्हणून सांगतात, पण घरट्यालाही ती तंतोतंत लागू पडते.

मग करायचं काय? अख्खं अंडं खाली पडलेलं असेल आणि घरटं समोर दिसत असेल, तर हलकेच परत ठेवा. हाताच्या वासाने पक्षी सहसा घरटं सोडत नाहीत, सारखं डोकावण्याने मात्र सोडतात. घरटं सापडलं नाही, तर पायाखाली येणार नाही एवढंच पाहा. कुंडीला पाणी कडेने घाला, फोटो काढू नका, मुलांना लांबून दाखवा. बुलबुलाची पिल्लं साधारण चार आठवड्यांत उडून जातात.

कबुतरांचं दुखणं वेगळं. घरात दमेकरी असेल तर एसीच्या मागे घरटं नकोच, हे मला मान्य आहे. पण मग जाळी आधी बसवा, काड्या दिसल्या की लगेच. अंडी घातल्यावर कामवालीच्या हातून केरात टाकली, तर करणं, करवणं आणि अनुमोदन देणं यांत आपल्या धर्माने फरक केलेला नाही. तेव्हा जाळी दीड-दोन महिने थांबू शकते, आपण खिडकी बंद ठेवावी.

जीवदया म्हणजे दर वेळी काहीतरी करणंच नव्हे. कधी कधी हात मागे घेणं हीच जयणा.