दाखला नसला तरी शाळा आहे



शाळेत शिकायला मिळणे ही कोणाची मेहेरबानी नाही, तो आपला हक्क आहे. २००९ साली आपल्या देशात मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि २०११ साली महाराष्ट्र सरकारने त्याचे नियम केले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला जवळच्या शाळेत, फी न देता, आठवीपर्यंत शिकता आले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. आमच्या बाईंनी त्यातली काही कलमे सोपी करून सांगितली. त्यावरचे माझे मत मी इथे लिहीत आहे.

हा हक्क एका दिवसात मिळालेला नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. नामदार गोखले यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक मांडले, पण इंग्रज सरकारच्या सभेत ते नामंजूर झाले. कोल्हापूरला शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीचा कायदा केला. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड होता. मग २००२ साली आपल्या राज्यघटनेत २१ अ हे कलम आले, आणि शिक्षण हा मूलभूत हक्क झाला.

यात मला एक मोठा फरक दिसतो. शाहू महाराजांच्या वेळी दंड आईबापाला व्हायचा. आताच्या कायद्यातही मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे. पण मूल शाळेत येते की नाही, शिकते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी सरकारची आणि जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थेची आहे. कामासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे त्या संस्थेने बघायचे, असे कायद्यात वेगळे लिहिले आहे. आपल्या हिंजवडीला हे वाक्य सगळ्यात जास्त लागू पडते.

कारण आपले गाव आता पहिल्यासारखे राहिले नाही. माझी आज्जी सांगते की कंपन्या आहेत तिथे आधी शेतं होती. आता उंच उंच इमारती झाल्या आणि अजून होतातच आहेत. त्या बांधायला मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून, पार बिहारमधून माणसे येतात. साइटवर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांची मुलेबाळेही बरोबर असतात. इमारत पुरी झाली की बिऱ्हाड उचलायचे आणि दुसऱ्या साइटवर जायचे.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी अशीच आली आहे. त्याच्या आधी ते जिथे राहत होते तिथल्या एका शाळेत तिच्या वडिलांना सांगितले, "दाखला आणा, जन्माचा कागद आणा, मग बघू." गाव लांब. जाऊन येऊन चार दिवसांचा खाडा, आणि गाडीभाडे वेगळे. वडील काही गेले नाहीत. मग ती वर्षभर साइटवर धाकट्या भावाला सांभाळत बसली. एक अख्खे वर्ष! मी त्या वर्षात भागाकार शिकले. तिला तो आता शिकावा लागतोय. पाढे मात्र ती माझ्यापेक्षा लवकर पाठ करते.

तिच्या वडिलांना कायदा माहीत असता तर ते काय म्हणाले असते? मी सांगते.

एक : वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही.

दोन : आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश थांबवता येत नाही. आणि मूल शाळा सोडून जाताना मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो.

तीन : वर्षाच्या मध्येच आले तरी घ्यावे लागते.

चार : मूल वयाप्रमाणे वर्गात बसते. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायचे नाही. राहिलेला अभ्यास तिला वेगळा शिकवायचा.

पाच : कोणाही मुलाला मारायचे नाही किंवा मनाला लागेल असा त्रास द्यायचा नाही.

काही मोठी माणसे म्हणतात, "ही पोरं चार महिन्यांनी जाणारच, कशाला नाव घालता?" मला हे पटत नाही. म्हातोबाच्या यात्रेला बाहेरचा माणूस आला तर आपण त्याला पाहुणा म्हणून जेवू घालतो. तो उद्या जाणार म्हणून उपाशी ठेवत नाही. मग शाळेत आलेल्या पोराला का परत पाठवायचे? चार महिन्यांत वाचायला येऊ शकते. आलेले वाचन मग कुठल्याही साइटवर बरोबर जाते.

आता पालकांसाठी. शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारातले तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधूनच होतो. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, शाळेला मिळालेल्या पैशांवरही तिची नजर असते. म्हणजे शाळा पालकांचीही आहे. पण साइटवर काम करणाऱ्या आया सभेला कशा येणार? दुपारी आले की मजुरी बुडते. माझे मत असे आहे की सभा संध्याकाळी ठेवावी, आणि एक तरी पालक साइटवरचा असावा. दुर्बल घरांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या संख्येप्रमाणे जागा द्या, असे कायदाच सांगतो.

मागितले की मिळते, याचेही उदाहरण आहे. खाजगी शाळांत पहिलीच्या शंभरातल्या पंचवीस जागा गरीब व वंचित मुलांसाठी असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला आणि सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला ही सूट दिली. पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने तो बदल रद्द केला. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, ते खोटे नाही. कायदा पुस्तकात असतो, तो कुणीतरी बोलून दाखवावा लागतो.

म्हणून मित्रांनो, आपण एवढे करू. घराजवळच्या साइटवर आपल्या वयाचे मूल दिवसभर दिसले तर त्याला विचारू, "तू शाळेत का येत नाहीस?" कागद नाही म्हणाला तर त्याला आणि त्याच्या आईला उद्याच घेऊन येऊ. पालकांनो, तुम्हीही वरचे पाच मुद्दे आपल्या शेजाऱ्यांना सांगा. त्यांना वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. आमच्या बाकावर अजून एकाची जागा आहे.

— इयत्ता चौथी