पदवी तीच, संधी कुठे?

राळेगणसिद्धीची मुलगी पारनेरला शिकली काय किंवा पुण्याला, पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच. मग फरक कशात? गणेशखिंडच्या आवारात नोकरीची, शिष्यवृत्तीची बातमी सहज कानावर पडते, ओळखी होतात. गावातला मुलगा निदान मित्राच्या खोलीवर राहून त्या मिळवतो. मुलीला शेवटची एस.टी. गाठायची असते. २०२४ मध्ये शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क माफ केलं. पण शुल्कमाफीने वसतिगृहातली खाट मिळत नाही, आणि 'एकटी पुण्यात कशी राहील?' हा घरातला प्रश्नही सुटत नाही.

शिक्षिका होण्यासाठी सावित्रीबाई पुण्याहून नगरला आल्या होत्या. त्यांचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाने नोकरीच्या मुलाखती, मार्गदर्शन तालुक्याला आणावं. आणि मैत्रिणींनो, शहरातल्या आपल्या गटांनीही या मुलींसाठी आपल्या ओळखी खुल्या कराव्यात.