धीर धरायचा कुणी?

चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दांकडे जरा जास्तच निरखून बघायची खोड मला लागली आहे. 'धीर' हा असाच एक शब्द. मराठीत धीर देतात, धीर धरतात, धीर येतो, धीर सुटतो आणि खचतोही. वाक्प्रचार शिकवताना मी मुलांना सांगायचे की धीर देणारा एक असतो आणि धरणारा दुसरा. पण एखाद्या बाईला स्तनाचा कर्करोग झाला की आपण हे व्याकरण साफ विसरतो. भेटायला येणारा प्रत्येकजण तिला एकच सांगतो, "धीर धर हो, पॉझिटिव्ह राहा!" देणारा कुणीच नाही, धरायचा मात्र तिनेच!

विषय जड आहे, पण टाळण्यासारखा नाही. भारतातल्या बायकांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये हा आता पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक आकडेवारीतला २०२२ सालचा आपल्या देशाचा अंदाज सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा आहे. म्हणजे प्रत्येकाच्या गोतावळ्यात कुणी ना कुणी असणारच. मी तिघींचं दुखणं जवळून पाहिलं. माझी धाकटी जाऊ, शाळेतली एक सहकारी आणि एक भाची. पैकी दोघी आज ठणठणीत आहेत. जाऊ नाही. घरची मंडळी हे वाचतात, त्यांना माहीत आहेच.

जाऊचा आजार चार वर्षांनी उलटला. रिपोर्ट आल्यावर दोन-तीन दिवसांनी आम्ही दोघीच घरात असताना तिने मला विचारलं, "वहिनी, मी मधे फार रडायचे. म्हणून तर परत आला नसेल ना हो?"

हा प्रश्न तिच्या मनात आपोआप आला नव्हता. चार वर्षं लोकांनी तो थोडाथोडा करून तिच्या मनात भरला होता. "मन खंबीर असलं की कॅन्सर पळून जातो", "अमकीने हसत हसत हरवलं बघ", "रडलीस तर औषध लागू कसं पडेल?" बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण या वाक्यांची दुसरी बाजू कुणी बघत नाही. मनाच्या जोरावर बरं होता येत असेल, तर बरं न होणारीचं मन कमी पडलं असं ठरतं. आजार तर झालाच, वर तो आपल्यामुळेच उलटला हा आरोपही तिच्याच माथी!

आणि हे खरं तरी आहे का? यावर चांगला अभ्यास झालेला आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या डेव्हिड स्पीगल या मनोविकारतज्ज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरात इतरत्र पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ बायका त्यात होत्या. काहीजणी वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून मनातलं बोलायच्या. त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या, असं दिसलं. साहजिकच मोठी खळबळ उडाली. पण शास्त्रात एका अभ्यासावर थांबत नाहीत. २००१ साली कॅनडात पामेला गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३५ बायकांवर तोच प्रयोग केला, तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पुढे २००७ मध्ये स्पीगल यांनी स्वतःच पुन्हा अभ्यास केला. त्यातही एकूण आयुष्य वाढल्याचं आढळलं नाही आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं.

पण गुडविन यांच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. गटात बोलणाऱ्या बायकांचं मन हलकं झालं होतं आणि दुखणंही कमी जाणवत होतं. सुरुवातीला ज्या जास्त खचलेल्या होत्या, त्यांना तर अधिकच फायदा झाला. म्हणजे धीराने गाठ विरघळत नाही, पण गाठीसकट जगणं सोसवतं. हे काय थोडं आहे? आणि रडण्याने आजार उलटत नाही. हे वाक्य प्रत्येक रुग्णबाईच्या कानावर डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मुद्दाम घालायला हवं. मी जाऊला तेच सांगितलं होतं. तिने ते दोनदा विचारून खात्री करून घेतलं!

कर्करोग आणि मन यांचा अभ्यास ही वैद्यकातली स्वतंत्र शाखा म्हणून उभी करण्यात डॉ. जिमी हॉलंड या अमेरिकन बाईंचा मोठा वाटा. सतत सकारात्मक राहण्याच्या या सक्तीला त्यांनी चक्क जुलूम म्हटलं होतं. आयुष्यभर रुग्णांमध्ये वावरलेल्या बाईने हा शब्द वापरावा, यातच सारं आलं.

मग धीर येतो कशातून? माझ्या मते तो उपदेशातून येत नाही, साध्यासुध्या गोष्टींतून येतो.

पहिली गोष्ट म्हणजे माहिती. हे उपचार एका दिवसाचे नसतात. बऱ्याच जणींना ऑपरेशन, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने केमो, मग काही आठवडे रेडिएशन, आणि गाठ हार्मोनवर वाढणारी असेल तर पाच किंवा दहा वर्षं रोजची गोळी. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जाऊ लागतात आणि उपचार संपल्यावर परत येतात. एका औषधाचा रंग लाल असतो, त्याने लघवीही तांबूस होते. हे आधी ठाऊक नसलेली बाई रक्त जातंय म्हणून गर्भगळीत होते. ठाऊक असलेली नुसतं "हं" म्हणते. भाचीच्या वेळी तिच्या नवऱ्याने शंभर पानी वही केली होती. डॉक्टरांकडे जाण्याआधी प्रश्न लिहायचे आणि तिथे उत्तरं उतरवायची. रात्री दोन वाजता भीती वाटली की ती उठून वही वाचायची. माझ्या मते त्या वहीने आम्हा सगळ्यांच्या भेटींपेक्षा जास्त धीर दिला.

दुसरी गोष्ट, कामाची वाटणी. "काही लागलं तर सांग हं" हे वाक्य मराठी माणसाने आता निवृत्त करावं! आजारी बाईने आधी आपल्याला काय लागतं ते शोधायचं, मग संकोच गिळून मागायचं, हे तिच्यावर नवं कामच की. त्यापेक्षा "मंगळवारचा डबा माझा", "केमोच्या दिवशी मुलाला शाळेतून मी आणते" असं सांगावं. केमोनंतर तोंडाची चव जाते, फोडणीच्या वासानेही मळमळतं. तेव्हा डब्यात पक्वान्नं नकोत, मऊ भात आणि तिला रुचेल ते थोडंसं पुरे. आणि घरातल्या स्वयंपाकघराचा ताबा दुसऱ्या कुणीतरी खरोखरच घ्यावा. ऑपरेशननंतर महिन्याच्या आत पोळ्या लाटणाऱ्या बाईचं कौतुक होतं, तेव्हा मला राग येतो. त्या हाताला जपायचं असतं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते. त्या हाताचे शिकवलेले व्यायाम रोज करायचे असतात. भिंतीवर बोटांनी वर वर 'चढायचं', तो तर लहान मुलांच्या खेळासारखा आहे. कुणीतरी शेजारी उभं राहून तिच्याबरोबर तो केला तर काय बिघडेल?

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. आपल्याकडे हा शब्दच उच्चारत नाहीत. 'छातीत गाठ', 'तिथलं ऑपरेशन', 'लेडीज प्रॉब्लेम'... मुलीचं लग्न व्हायचंय म्हणून सहकारी बाईंच्या घरी तर दुखणं वर्षभर लपवलं होतं. कुणाला सांगायचं, किती सांगायचं हा सर्वस्वी त्या बाईचा हक्क. पण लपवायलाही ताकद लागते आणि तेव्हा ती शिल्लक कुठे असते? स्तन गेला की बाईपण गेलं असं तिला वाटू शकतं. "आता या वयात काय त्याचं!" असं म्हणून ते उडवून लावू नये. पन्नाशीतल्या बाईलाही आरसा असतो. शक्य असेल तिथे स्तन वाचवणारं ऑपरेशन आणि रेडिएशन यांनी आयुष्य पूर्ण स्तन काढण्याइतकंच मिळतं, हे १९८५ पासून मोठ्या अभ्यासांनी दाखवलं आहे. काढावाच लागला तर पुनर्रचना करता येते, सिलिकॉनचा मिळतो, सुताचा हलका विणलेलाही वापरतात. काहीजणी काहीच वापरत नाहीत आणि तेही छानच. पर्याय आहेत हे कळलं तरी अर्धा जीव भांड्यात पडतो. अशा वेळी नवऱ्याने ड्रेसिंग बदलताना नजर चुकवली नाही, तर त्याने न बोलता खूप काही दिलेलं असतं.

चौथी, याच वाटेने गेलेली दुसरी बाई. टेरेस लॅसर या बाईंनी स्वतःच्या ऑपरेशननंतर १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये 'रीच टू रिकव्हरी' नावाचं काम सुरू केलं. बरी झालेली बाई नव्या रुग्णबाईला भेटायला जायची, एवढंच. कल्पना साधी, पण ती जगभर पसरली. "मला पाच वर्षं झाली" असं सांगणारी बाई समोर बसते, तेव्हा उपदेशाची गरजच उरत नाही.

आणि पाचवी, मनाच्या डॉक्टरांची मदत. 'शून्य ते दहा यात आज मनाचा त्रास किती?' असं विचारणारी एक सोपी मोजपट्टी कर्करोगतज्ज्ञ वापरतात. चार किंवा त्याहून जास्त आकडा आला तर लक्ष द्यायचं. घरीही विचारता येईल. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, जगू नये असं वाटतं, तर ते नैराश्य आहे. त्याला औषध आहे, आणि ते घेणं म्हणजे धीर सोडणं नव्हे. फक्त मनाच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणू शकतात, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवावीत.

कुणी म्हणेल, "आमच्या आत्या तर नामस्मरणावर तरल्या!" अगदी मान्य. माझी सहकारी गजरा माळता येत नाही म्हणून टोपीला गजरा लावून यायची आणि स्वतःवरच विनोद करायची. तो तिचा स्वभाव होता, कुणी लादलेला नव्हता. कुणी जप करेल, कुणी कोडी सोडवेल, कुणी भिंतीकडे तोंड करून झोपेल. ज्याचा आधार ज्याने निवडावा. दुसऱ्याने निवडून हातात दिला की त्याचं ओझं होतं.

शेवटी एक सांगते. उपचार संपले की घरात पेढे वाटतात आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. खरी पोकळी तेव्हा जाणवते. इतके दिवस दवाखाना तरी लक्ष ठेवून होता, आता कोण? पाठ दुखली तरी शंका, पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की झोप नाही. वर "आता तर बरी झालीस, आता काय?" हे ऐकायचं. भाचीला उपचार संपून सहा वर्षं झाली, तरी तपासणीच्या आदल्या रात्री मी तिला फोन करते. बहुतेक वेळा आम्ही लोणच्याबिणच्याबद्दलच बोलतो. आजाराचं नावही निघत नाही.

असो. फार लांबलं. तुमच्या ओळखीत कुणी या उपचारांतून जात असेल, तर तिला धीर धरायला सांगण्याआधी आपण काय देणार आहोत, एवढं ठरवून जा. आणि ती रडली, तर रडू द्या. जवळ बसा.