रेलून बसायची सायकल

कराडच्या एका भगिनींचं पत्र समोर आहे. त्यांची लेक अमेरिकेत असते. चाळिशी उलटली, मनगटं दुखतात, आणि आता म्हणे तिला 'आडवी सायकल' घ्यायची आहे. "तिथे तीनचाकीसुद्धा मिळते म्हणते. ही काय नवी थेरं? आणि घ्यायचीच तर कोणती घ्यावी?" असं त्या विचारतात.

एरवी मी 'जाणकारांना विचारा' म्हणून हे पत्र बाजूला ठेवलं असतं. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद झाल्यावर मी ताईकडे गेले होते, आणि नेमकी हीच खरेदी मी जवळून पाहिली.

ताई व्हर्जिनियात, हर्नडनला राहते. तिच्या घराजवळून डब्ल्यू अँड ओडी नावाची वाट जाते. पूर्वी तिथून आगगाडी जायची. ती १९६८ साली बंद पडली आणि पुढे रुळांच्या जागी डांबरी वाट झाली. शर्लिंग्टन ते पर्सेलव्हिल, साधारण ७२ किलोमीटर. मोटारींना मज्जाव. चालणारे, पळणारे, सायकलवाले सगळे तिथे. गावातलं जुनं स्टेशन अजून उभं आहे. रविवारी सकाळी भाऊजी आणि मुलं सायकली काढून निघत, आणि ताई थर्मास घेऊन त्या स्टेशनपाशी बाकावर बसून राही. सांगलीला भाड्याच्या सायकलीवर कॅरिअर धरून मला शिकवणारी, हाफ पायडल मारत गावभर हिंडणारी ती हीच ताई! तिचा उजवा गुडघा आणि दोन्ही मनगटं धरली आहेत. "माझं झालं आता सायकलचं," असं ती इतक्या सहज म्हणाली, की मला रात्री झोप येईना. अठ्ठेचाळीस हे काय वय झालं?

तर ही सायकल म्हणजे रिकंबंट. आरामखुर्चीसारखी पाठ असलेली सीट आणि पायडलं खाली नसून पुढे. आपण रेलून बसायचं आणि पाय पुढे ढकलायचे. अंगाचा भार मनगटांवर येत नाही, पाठीला टेका मिळतो. थेरं नवी नाहीत बरं का! १९३३ साली फ्रान्सिस फोर नावाच्या सायकलपटूने पॅरिसला अशाच सायकलवर तासात ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर काटून विक्रम केला होता. पुढच्याच वर्षी शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही सायकल नियमात बसत नाही असं ठरवलं, म्हणून ती मागे पडली.

भाऊजींनी आधीच मनात एक ठरवली होती. लांब, दोनचाकी, लाल रंगाची. दिसायला देखणी यात शंकाच नाही. पुढचं चाक पायडलांच्याही पुढे असतं, त्यामुळे पाय फार उंच जात नाहीत, आणि दोनचाकी रिकंबंटमध्ये नवशिक्याला हीच त्यातल्या त्यात सोपी. आखूड दोनचाकीत पायडलं पुढच्या चाकाच्या वर असतात, तिथे पाय उचलून सुरुवात करणं अवघड. पण सोपी म्हणजे तरी किती? दुकानामागच्या मोकळ्या जागेत ताई बसली, एक पाय जमिनीवर, दुसऱ्याने ढकललं, दोन वेलांट्या घेतल्या आणि कोपरावर पडली. लागलं फारसं नाही. पण उठल्यावर ती आमच्याकडे न बघता धूळ झटकत राहिली. सराव केला असता तर आठवड्यात जमलं असतं, असं दुकानदार म्हणाला. असेलही. पण एकदा धास्ती बसली की बाई सायकल कपडे वाळत घालायला वापरते.

मग तीनचाकी. पण तिच्या मनात वेगळंच. "लोक काय म्हणतील? अपंगांची गाडी वाटते," मला हळूच म्हणाली. भाऊजींना तसं काही वाटत नव्हतं, हे मात्र खरं सांगायला हवं. लाज तिची तिलाच. मी म्हटलं, "ताई, बाकावर बसलेली दिसतेस ते चालतं का?" ती रागावली. रागावली पण बसली.

तीनचाकीत दोन जाती आहेत आणि फरक मोठा आहे. एकीत दोन चाकं पुढे, एक मागे. ही जमिनीलगत असते, वळणावर घट्ट राहते, वेगाने जाणाऱ्यांना आवडते. ताई त्यात मजेत बसली, पण उठता येईना! पाटावरून उठताना ज्यांचा गुडघा बोलतो त्यांना हे सांगायला नको. दुसरीत एक चाक पुढे आणि दोन मागे. हिची सीट बहुधा खुर्चीच्या जवळपास उंचीची असते. वळणावर वेग आवरावा लागतो, नाहीतर आतलं चाक उचललं जातं. पण रमतगमत जाणाऱ्याला वेग कशाला? ताई पाच वेळा बसली, पाच वेळा उठली. मी सांगते, दुकानात गिअरची चौकशी करण्याआधी एवढं करा.

नंतर मापं. पायडल सर्वांत लांब असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. जवळ असेल तर गुडघा दुखतो, लांब असेल तर बसण्याची जागा घसरते. काही गाड्यांत पुढची नळी आतबाहेर करून हे माप जुळवतात, मग कधीकधी चेनही कमीजास्त करावी लागते. काहींत सीटच पुढेमागे सरकते. घरात दोघं वापरणार असतील तर सरकती सीट घ्या.

तीनचाकीला थांबवून ठेवणारा ब्रेक हवाच, नाहीतर बसताना गाडी निसटते. मान मागे वळत नाही म्हणून आरसा. मागे उंच झेंडा, कारण आपण इतरांच्या नजरेखाली असतो. पाय पायडलवरून घसरून गाडीखाली जाऊ नये म्हणून टाचेला पट्टा. चढावर उभं राहून जोर लावता येत नाही, तेव्हा हलके गिअर हवेत. आगगाडीची वाट असल्यामुळे तिथे चढ सौम्यच, पण लीसबर्गच्या पुढे लागतो. ओढणी, साडीचा पदर, सैल सलवार, काहीही नको. चाकं आणि चेन हाताशीच असतात.

किंमत ऐकून मी गप्प बसले. नवी तीनचाकी दीड-दोन हजार डॉलरपासून पुढे. ताईने एका माणसाने वापरून विकायला ठेवलेली घेतली, आणि पैसे तिच्या स्वतःच्या पगारातले. घेण्याआधी गाडीची रुंदी आणि गॅरेजचं दार टेप लावून मोजलं ते बरं झालं, जेमतेम दोन बोटं राहिली. गाडी एकटीने उचलून मोटारीवर चढवण्याजोगी नाही, हेही ध्यानात ठेवा.

कराडच्या ताई, लेकीला घेऊ द्या. गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायला सांगा. आपल्याकडच्या रस्त्यावर मात्र ही आणायचं मनात आणू नका. खड्डे आणि ट्रक, दोहोंच्या दृष्टीने ती फार खाली आहे.

ताईचा परवा फोन आला. व्हिएन्नापर्यंत, म्हणजे तेरा-एक किलोमीटर जाऊन आली. मांड्या भरून आल्यात, गुडघा ठीक आहे. तक्रार एकच, भाऊजी तिची गाडी फिरवून आणतात आणि सीट मागे सरकवलेली तशीच ठेवतात.